दाताखालची तूर

ग्यानोबा म्हातारपणानं काम सोडून घरी बसला, तेव्हा मिलमधल्या आम्हा बायांना वाटलं, गेटवर माल पारखायची जागा आता शिवकन्येची. लातूरच्या त्या डाळ मिलमध्ये ती वीस वर्षं माझ्या शेजारी बसून डाळ निवडत होती. तुरीचा दाणा दाताखाली धरला की ओल किती, माल किती दिवस टिकेल, बरोबर सांगायची. शेवटी शेवटी ग्यानोबाही तिलाच विचारायचा.

तिनं मालकाला, संगमेश्वरअप्पांना, स्वतः जाऊन विचारलं. मी सोबत गेले. अप्पा वाईट बोलले नाहीत. चहा सांगितला. मग म्हणाले, गेटवर ड्रायव्हर असतात, हमाल असतात, शिवराळ लोक. तिथं बाईमाणसाला उभं केलं तर लोक मला काय म्हणतील? तू मला लेकीसारखी. त्याच हमालांमधून वाट काढत आम्ही रोज आत येत होतो. पण समोर चहा होता. तो पिऊन दोघी परत कामावर आलो.

आठ दिवसांत कंधारचा भुजंग त्या जागेवर आला. बारावी झालेला, गोड बोलणारा. तुरीतलं त्याला काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी मूठभर दाणे घेऊन पोत्यांमागून आला नि म्हणाला, आक्का, बघ की जरा. तिनं बघितलं. वर्षभर बघत राहिली. दिवाळीला अप्पांनी सगळ्यांपुढं त्याची पाठ थोपटली, पोराची पारख लई पक्की म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

माघात उमरीकडून दोन ट्रक तूर आली. भुजंग मूठ घेऊन आला. शिवकन्येनं मान वर केली नाही.

"आक्का, गाड्या खोळंबून राहिल्यात."

"मग बघ की तूच. खुर्ची तुझी अन् दात माझे, आसं किती दिस चालायचं?"

"चेष्टा नको करू आक्का."

"चेष्टा तर वरीसभर चालली हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डाळ पाखडत राहिले. मग त्यानं स्वतःच दाणा चावला आणि माल उतरवून घेतला.

पंधरा दिवसांत पोती आतून तापली, वास सुटला. अप्पांनी विचारल्यावर भुजंगानं सगळं सांगून टाकलं. आता तरी अप्पांना तिची किंमत कळेल, असं आम्हाला वाटलं. अप्पा शेडमध्ये आले, आम्ही उभ्या राहिलो.

"तुला कळत होतं अन् तू गप बसलीस?"

"अप्पा, ते काम मला दिलंच न्हाई तुमी."

"त्याचा इथं काय संबंध?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. भुजंगाला ओल मोजायचं मशीन आणून दिलं. बुरशीचे दाणे वेगळे करायला आम्हा बायांनाच बसवलं. नाकाला पदर बांधला तरी खोकला यायचा. तिसऱ्या दिवशी नीलाबाई चिडून म्हणाली, "बघितला असता एक दाणा, तर काय झिजत होतं तिचं?"

बाकीच्या "हाव, खरं हाय" म्हणाल्या. मीही म्हणाले.