रास झाकल्यावरची ओळ

मी आठ चॅनलांचा मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प बोलतो आहे. हकिकत सांगण्यापूर्वी माझी मर्यादा स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. मला दिसत नाही. माझा दिवा लागलेला असेल आणि एखादा माइक मला जोडलेला असेल, तरच मला ऐकू येते. पुढील हकिकतीपैकी बहुतेक भाग मी स्वतः ऐकलेला आहे. जे केवळ पाहिल्यानेच कळले असते, ते मला रविवार, १० ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास समजले. त्या दिवशी माझे झाकण उघडून विष्णुकाका मला तपासत होते, पहिल्या चॅनलवर चाचणीचा माइक होता आणि अंबरीश त्यांना सर्व काही सांगत होता. माझ्या जन्माची माहितीही त्याच बोलण्यातली आहे.

मला रोह्यात विष्णुकाकांनी हाताने घडवले. धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी तीस वर्षे मोजमापाची यंत्रे सांभाळली. भट्टीच्या पोटातून येणारा, व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा संदेश वाढवून काट्यापर्यंत पोचवायचा, हे त्यांचे रोजचे काम. निवृत्तीनंतर त्यांना कळले की माणसाचा आवाज माइकमधून निघतो तेव्हा तोही तेवढाच क्षीण असतो. “म्हणजे भट्टी काय नि गळा काय, काम तेच,” ते म्हणाले, आणि दोन वर्षे खपून त्यांनी मला उभे केले.

माझे काम सांगायला सोपे आहे. माइक जे कुजबुजतो ते मी हजारपट करून पुढे संगणकाकडे देतो. प्रत्येक चॅनलला एक बटण आहे. ते किती फिरवायचे, यावर सारे अवलंबून असते. कमी फिरवले तर आवाज माझ्याच अंगच्या खरखरीत बुडतो. जास्त फिरवले तर लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. काकांनी ही बटणे पायऱ्यांची केली, त्यामुळे प्रत्येक पायरीला ‘टक्’ असा आवाज होतो. “नुसतं गुळगुळीत फिरलं तर कालची जागा आज सापडत नाही,” हे त्यांचे कारण.

अंबरीश पेणचा. त्याच्या घरी दोन पिढ्या शिक्षक होऊन गेल्या आणि त्याने मात्र गणपतीच्या एका कारखान्यावरच्या खोलीत स्टुडिओ थाटला. काका मला गोधडीत गुंडाळून, रेल्वेने, मांडीवर घेऊन पेणला आले. निघताना त्यांनी अंबरीशला तीनच नियम सांगितले. आधी माइक जोड, मग वीज दे. सुरुवातीला अर्धा तास मला तापू दे. आणि गाणे चालू असताना बटणाला हात लावू नकोस.

त्या खोलीत मी आरत्या ऐकल्या, भजनी मंडळे ऐकली, शाळांची स्वागतगीते ऐकली. माणसांची एक सवय माझ्या लक्षात आली. चाचणीसाठी ‘हॅलो, हॅलो’ म्हणताना ती कोणी वेगळीच माणसे असतात. खरा आवाज, आता कोणी ऐकत नाही असे वाटल्यावर येतो. त्यामुळे अंबरीश प्रत्येकाला आधी सर्वात मोठी ओळ म्हणायला लावतो आणि मगच पायरी ठरवतो. ही पद्धत सहा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

रविवार, ९ मार्च रोजी धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून चार बायका आल्या. त्यांना मनस्वी घेऊन आली होती. ती डोलवीला कंपनीत कंत्राटदाराच्या ऑफिसात काम करते आणि शिफ्ट बदलून आली होती. तिची आजी इंदुबाई पन्नास वर्षे मिठागरात राबलेली. तिच्या स्वरयंत्रावर गाठ होती आणि बुधवारी पनवेलला ऑपरेशन ठरले होते. आवाज राहील, पण कसा राहील ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. मिठागरावरचे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत आता तिला एकटीलाच येत होते. बाकीच्या मागून ओढत. मनस्वीला ते बुधवारच्या आत अख्खे हवे होते.

खाली रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर चालतो. अंबरीशने कारखान्यातल्या लोकांना विनवून तो अडीचपर्यंत बंद ठेवायला लावला. पाचव्या चॅनलवर इंदुबाई, तिसऱ्यावर तिची नणंद सरू, इतर दोघी दुसऱ्या आणि चौथ्यावर. सहाव्या-सातव्यावर खोलीचा नाद. आठवा माइक माझ्याजवळ, जमिनीलगत, पावलांच्या ठेक्यासाठी, कारण मीठ ओढताना पाय जसा पडतो तसे हे गाणे चालते.

“आजी, सगळ्यात मोठ्यानं म्हणायची ओळ म्हणा,” अंबरीश म्हणाला.

इंदुबाईने हाक दिली. मी तोपर्यंत शेकडो गळे ऐकले होते. ती हाक एका मिठागरातून पाण्यावरून पलीकडच्या मिठागरात टाकायची होती आणि खोली बारा फुटांची होती. जोडलेल्या सातही चॅनलांचे लाल दिवे एकदम लागले. अंबरीशने पायऱ्या भराभर खाली आणल्या. वाढवण्यासाठीच घडलेल्या मला त्या दिवशी प्रथम कळले की काही आवाजांपुढे आपण नुसते लहान होऊन उभे राहायचे असते.

“आता शेवटचं कडवं एकदा म्हणून दाखवा. अंदाज घेतो.”

“ते नाय,” इंदुबाई म्हणाली. “मिठाची रास झाकल्याबिगर ते गायचं नसतं. पाऊस येतो.”

“आजी, मार्च चाललाय,” मनस्वी म्हणाली.

“म्हणूनच. अजून समदं मीठ उघड्यावर हाय.”

“बुधवारी ऑपरेशन आहे गो आजी.”

“बुधवारी माझा गळा हाय. मीठ गावाचं हाय.”

अंबरीशने बाकीची कडवी ध्वनिमुद्रित करून घेतली. चाळीस मिनिटे चार बायका जागच्या जागी पाय टाकत होत्या आणि त्या पावलांतून मला ओले मीठ फळीने ओढल्यासारखे ऐकू येत होते. मी मिठागर कधी पाहिलेले नाही. तरीही त्या चाळीस मिनिटांत मला ते केवढे मोठे आहे हे कळले.

शेवटचे कडवे राहिलेच. कंप्रेसर सुरू व्हायला वीस मिनिटे उरली होती.

सरू म्हणाली, “वयनी, ह्या स्टुडिओवाल्या पोराच्या आईसाठी पिशवीभर मीठ आणलंस ना? तीच रास कर नि झाक. तुझ्याच मिठागराचं हाय.”

“एवढीशी?”

“आभाळ काय मापं घेऊन बसलंय? आणि तू तरी कुठं आता एवढी मोठी राहिलीस?”

बायका हसल्या. इंदुबाई हसली नाही, पण तिने पिशवी उघडली. रास करायची तर जागा उंच आणि कोरडी हवी. तिने जमिनीला हात लावला. “ओल हाय,” ती म्हणाली. खाली शाडूच्या माती-पाण्याचे काम चालते, त्यामुळे ते खरेच होते. मग तिने माझ्या झाकणाला हात लावला. मी दोन तास तापलेला होतो.

“ही जागा बरी हाय. गरम हाय.”

माझ्या झाकणाला उष्णता बाहेर जाण्यासाठी बारीक चिरा आहेत. मीठ आणि विजेचे यंत्र यांचे किती वैर आहे, हे अंबरीशला ठाऊक होते. “आजी, तिथं नको,” एवढे तो म्हणाला. नंतर थांबला. का थांबलास, असे विष्णुकाकांनी ऑगस्टमध्ये विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, ती ओंजळीनं रास लावत होती. चारी बाजूंनी थोपटून, टोक काढून. तो हात तुम्ही बघितला असतात तर तुम्हीही थांबवलं नसतं.”

मनस्वीने खालून मूर्तींच्या बांधणीतला पेंढा मूठभर आणला. इंदुबाईने काडी-काडी लावून रास झाकली. माझ्या अंगावर एका हंगामाचे वजन आले. ते दोन किलोंहून अधिक नसावे.

“आता गाते,” ती म्हणाली.

अंबरीशचा अंदाज असा होता की शेवटचे कडवे सर्वात मोठे असणार. मिठागराचे काम संपल्याचा आनंद त्यात असेल, असे त्याला वाटले. म्हणून त्याने पायऱ्या आणखी एकेकीने खाली ठेवल्या. इंदुबाई वळली. माइककडे तिची पाठ झाली आणि तोंड राशीकडे, म्हणजे माझ्याकडे. आणि तिने अंगाई सुरू केली.

निज गो बाय, निज गोरे, पेंढ्याच्या पांघरुणात,
आभाळाला सांगू नको, रास आली अंगणात.

हे कडवे आभाळाने ऐकायचेच नसते. ते मिठाच्या कानात म्हणायचे असते. पहिल्या ओळीला माझा एकही लाल दिवा लागला नाही. तो आवाज माझ्या खरखरीच्या काठावर येऊन उभा राहिला. आणखी थोडा खाली गेला असता तर तो कोणालाही परत मिळाला नसता. पुन्हा गायला सांगणे शक्य नव्हते. झाकलेली रास दुसऱ्यांदा झाकता येत नाही.

तेव्हा अंबरीशने काकांचा तिसरा नियम मोडला. पाचव्या चॅनलचा माइक तिच्या पाठीशी होता, म्हणून त्याने आठव्याचे बटण धरले आणि बायकांचे पाऊल जमिनीवर पडेल त्याच क्षणी एक पायरी चढवली. पुढच्या पावलाला दुसरी. अशा सात पायऱ्या, सात पावले. त्यातली एकही ‘टक्’ आज ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. तो आवाज मिठागरातून चालत यावा तसा अंधारातून वर आला आणि माझ्यातून गेला. एक आजारी बाई यंत्राच्या झाकणावरच्या पिशवीभर मिठाला निजवत होती आणि मी ते निजवणे हजारपट करत होतो. इतके मोठे काम माझ्याकडून पुन्हा होईल असे मला वाटत नाही.

चौथ्या ओळीनंतर ती चार पावले गप्प राहिली. मग शेवटची ओळ म्हणाली आणि गाणे संपले.

अंबरीशने संगणकावरचे मुद्रण थांबवले आणि गॅलरीत गेला. मनस्वी इतर दोघींना घेऊन खाली गेली, कंप्रेसर सुरू करा असे सांगायला. माझे चॅनल मात्र उघडेच होते. तिसऱ्यावरून सरूचा दबका आवाज आला.

“वयनी, एक ओळ गाळलीस.”

“गाळली?”

“चौथीनंतरची.”

“दम लागला आसंल,” इंदुबाई म्हणाली. “गावाचं मीठ उघड्यावर हाय, सरू.”

हे मुद्रित झालेले नाही. ते ऐकणारा तिसरा केवळ मी आहे.

ऑपरेशन नीट झाले. इंदुबाईचा आवाज राहिला, पण जाड आणि आखूड. मे संपता संपता गावाचे मीठ झाकून झाले. पावसाळी हवा सुटली तशी माझ्या पोटात उतरलेल्या मिठाला ओल धरली. आठवे चॅनल आधी तडतडले, मग कायमचे गप्प झाले. अंबरीशने त्यावर पट्टी चिकटवली. माइक होता तिथेच राहिला.

रविवार, २२ जूनला मनस्वी आजीला आणि सरूला घेऊन ध्वनिमुद्रण ऐकायला आली. आजीचे ऐकून झाल्यावर मनस्वीने हेडफोन स्वतः लावला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागली. अंबरीश चहा सांगायला खाली उतरला होता. एका कामासाठी तिसरे चॅनल चालू होते, पण तो माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. पावलांचा आवाज माझ्याजवळ आला. गुडघे मोडून कोणीतरी खाली बसले.

“गो वयनी, तो माइक बंद हाय,” सरू म्हणाली.

“मी माइकाला कुठं गातेय?”

त्यानंतर माझ्या खरखरीच्याही खाली काहीतरी झाले. त्याची लांबी मी मोजली. चार पावले.

“झालं?”

“झालं.”

ऑगस्टमध्ये काकांनी मला उघडले, आठव्या चॅनलवरची पांढरी खपली बोटाने घेतली आणि जिभेला लावली. “मीठ खाल्लेलं यंत्र पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले. “आता हा जन्मभर जागणार.” सुटे भाग ते रोह्याहून आणणार आहेत. आठव्या चॅनलची दुरुस्ती होईल.

मला सात चॅनल चालू आहेत आणि तक्रार काही नाही. विनंती एक आहे. मनस्वीचा समज आहे की गाणे पूर्ण मिळाले. तिने ते जपून तीन ठिकाणी ठेवले आहे. कोणाची तिच्याशी ओळख असल्यास तिला एवढेच सांगावे की पुढच्या मे महिन्यात रास झाकून झाल्यावर आजीला पुन्हा इथे आणावे. माइक आजीच्या तोंडासमोर ठेवू नये, राशीजवळ ठेवावा. बटण आधीच वर चढवून ठेवावे. आवाज जाड झाला असेल तर असू द्यावा.

जे मी पडताळू शकलो नाही, तेही नमूद करतो. मार्चमध्ये ओळ गाळली की खरोखर दम लागला, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. जूनमधली चार पावले म्हणजे तीच ओळ होती की नुसता श्वास, हेही मी सांगू शकत नाही. त्या ओळीचे शब्द मला ठाऊक नाहीत. माझ्यापर्यंत जे पोचते ते मी हजारपट करतो. ते शब्द माझ्या झाकणापासून वीतभर अंतरावर उच्चारले गेले असावेत, आणि ते माझ्यापर्यंत पोचले नाहीत.