न ठोकलेली बॅच

कारखान्यात त्यांना सगळे हातोडेमामा म्हणत. औषधी पाल्याच्या अर्काची पावडर कॅप्सूलच्या मशीनवर चढवली, की हॉपरच्या, म्हणजे वरच्या नरसाळ्याच्या, तोंडाशी हटकून अडून बसायची. मग मामांनी रबरी हातोडीचे ठोके द्यायचे, तेव्हा कुठे ती खाली उतरायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मामांना आपल्या हाताचा कोण अभिमान!

आता त्यांचीच मुलगी तिथे केमिस्ट होती. तिने ती चिकट पावडर कोरडीच दाबून वड्या पाडल्या, वड्या फोडून चाळल्या आणि वाळूसारखे सुटे दाणे केले. दाणे आपसूक वाहतील, हॉपरला कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं. चाचणी फसली तर ही कृती कायमची बाद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

दाणे उतरले, पण वजनं जुळेनात. काही कॅप्सूल हलक्या, काही जड. मुलीने वही पुन्हा पुन्हा चाळली आणि शेवटी, माझंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणाली.

चूक कुठे झाली, ते मामांना ठाऊक होतं. ती वजनकाट्याशी असताना दाणे मंदावल्यासारखे वाटले, म्हणून त्यांनी मायेपोटी हातोडी चालवली होती. बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाणार, गप्प बसावं तर पोरीची.

"साहेब, चूक तिची नाही. मी ठोकलं."

मुलगी वळली. "बाबा, किती ठोके दिलेत?"

"चारच. हळूच."

"म्हणजे चूकसुद्धा हळूच केलीत," पॅकिंगवाल्या मावशी म्हणाल्या. साहेबांनाही हसू आवरलं नाही.

ठोक्यांनी बारीक भुकटी दाण्यांमधून खाली सरकते आणि वजनं बिघडतात, हे मुलीने साहेबांना समजावलं आणि आणखी एक संधी मागून घेतली. नवे दाणे भरले. मामा हात पाठीशी घट्ट धरून उभे राहिले. या खेपेला एकही कॅप्सूल मर्यादेबाहेर गेली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे कृती मंजूर केली.

मुलीने नोंदपत्रकात लिहिलं : पहिली चाचणी ऑपरेटरने हॉपर ठोकल्यामुळे फसली.

सख्ख्या बापाला तरी सोडायचं होतंस, असं मावशी पुटपुटल्या. मामांनी चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं. पोरीने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. त्यांनी खाली ठसठशीत सही केली आणि कागद मावशींपुढे धरला.

"बघा, कशी लिहिते."