भेगेवरची पट्टी

सूपच्या वाडग्यात कालवलेलं प्लास्टर घेऊन लेओंतीन शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढली आणि तिने चर्चच्या छताला हात लावला. उजवीकडच्या बाकांच्या वर, टोकदार कमानी एकमेकींना भेटतात तिथे, भेग पडली होती. कान लावला तर तिच्यातून स्वर्गातले कोंबडे आरवताना ऐकू येतात, असं गावात शपथेवर सांगत. सरपंच तिबोने वसंतात भेगेवर प्लास्टरची आडवी पट्टी मारून वर तारीख कोरली होती. पट्टी तडकली तर छत हलतंय. आणि छत हलतंय तर चर्चला कुलूप.

पट्टी तडकली होती.

तिने ती सुरीने खरवडली, नवी मारली आणि खिळ्याने जुनीच तारीख कोरली. सरपंचाचा तिरका सात तेवढा जमला नाही.

घरी तिचा नवरा ओबँ खाटेला खिळलेला. डॉक्टरने येणं थांबवलं होतं.

"कुठे उलथली होतीस? केसांत पीठ कसलं?"

"पाव केला."

"लग्नापासून कधी केला नाहीस." तो हसला, मग बराच वेळ खोकला. "मला त्या पलीकडच्या गावातल्या पत्र्याच्या चर्चमधून नेऊ नकोस गं. गोदामातून बटाटे काढल्यासारखं वाटेल. आपल्या कमानींखालून ने."

"नेते. आता बोलू नकोस."

शनिवारी सरपंच वर चढला. लेओंतीनने खाली शिडी धरली. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पांढरं विजारीला पुसलं.

"काय म्हणते पट्टी?" तिने विचारलं.

"शाबूत आहे," तो म्हणाला, आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात ओबँ गेला. शवपेटी मधल्या वाटेवर ठेवली. पेटीमागून आलेली लेओंतीन घराण्याच्या बाकावर, उजवीकडे, जाऊन बसली. मान वर केली तर तिच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. डावीकडे सगळा गाव दाटीवाटीने बसलेला. पोरं मांडीवर, बेकरीवाला अर्धा बाकाबाहेर, उरलेले खांबांना चिकटून उभे. वर कुणीच बघत नव्हतं.

पाद्र्याने प्रार्थना सुरू केली. सरपंच वाट ओलांडून आला, वाकला.

"काकू, इकडे चला. तिथे वारा लागतो."

खिडक्या सगळ्या बंद होत्या. ती उठली. डावीकडची माणसं बोटबोटभर सरकली.