सरोजिनी मॅडमचा तुकडा

मी एक जुना मेंदू आहे. घाबरू नका मित्रांनो, प्लास्टिकचा. अंबडच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो आणि सरोजिनी मॅडमनी मला मांडीवर घेऊन, द्वारका चौकाच्या गर्दीतून, रिक्षाने विद्यापीठात आणलं. रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता.

"समोर बघा हो दादा," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे एक जादा आहे, तुमच्याकडे एकच."

मॅडम मेंदूविज्ञानाचा वर्ग चालवत. पहिल्या दिवशी मुलांना शिक्षकांची ओळख करून द्यायची त्यांची रीत वेगळीच होती. पदव्या वाचून दाखवणं नाही, हारतुरे नाहीत. त्या माझा एकेक भाग काढत आणि तो भाग जो शिकवणार, त्याच्या हातात देत. दृष्टी शिकवणाऱ्या बाईंना मागचा भाग. शरीराचा तोल शिकवणाऱ्या प्रफुल्ल सरांना लहान मेंदू. दर वर्षी तो सरांच्या हातातून निसटून पडे.

"प्रफुल्ल, तोल तूच शिकवणार ना रे?" मॅडम विचारत, आणि नवखी मुलं पहिल्यांदा मोकळी हसत.

सगळ्यात शेवटी एक बारका, काजूसारखा वाकडा तुकडा त्या स्वतः उचलत. "हा माझा. आजचा दिवस उद्या आठवला, तर याच्यामुळे."

एकदा त्या तुकड्याची खुंटी मोडली. "घरी चिकटवून आणते," म्हणत मॅडमनी तो पर्समध्ये टाकला. मग त्या आजारी पडल्या. परत आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी शिक्षकांची ओळख पडद्यावर झाली. फोटो आले आणि सरकले. मॅडमचा त्यात असणार कसा? मला कपाटावर ठेवलं होतं. खालचा वर्ग बोलायचा, हसायचा, उठून जायचा. वर माझ्यावर धूळ बसत होती आणि आत एक खाच रिकामी होती.

मॅडमच्या जागी आलेले मयुरेश सर एकदा म्हणाले, "हे अर्धवट मॉडेल भंगारात देऊ या का?" प्रफुल्ल सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी गेलो असतो, तर त्या खोलीत मॅडमचं नाव काढायला निमित्तही उरलं नसतं.

एका दुपारी मॅडमची मुलगी मृण्मयी आली. तिने रुमाल उलगडला.

"आईच्या टेबलावर होता, सर. मी रोज हातात घ्यायचे. आता म्हटलं, जागेवर ठेवावा."

प्रफुल्ल सरांनी मला खाली उतरवलं. पण तुकडा बसेना. मॅडमनी डिंक सढळ हाताने लावला होता. वाळून त्याचा टणक गोळा झाला होता.

"कानशीने घासलं की बसेल," सर म्हणाले.

"नको. आईने लावलाय तो."

ती अंगठ्याने दाबत राहिली, नख पांढरं पडेपर्यंत. शेवटी कट्ट आवाज झाला. तिने हात लगेच काढला नाही.

"चहा घेतेस, मृण्मयी?"

"नको सर, निघते." रिकाम्या रुमालाची तिने नीट घडी घातली.

नवा वर्ग भरला, तेव्हा प्रफुल्ल सरांनी मला पुसून टेबलावर ठेवलं. एकेक भाग ज्याच्या त्याच्या हातात गेला. लहान मेंदू पडलाच. सरांनी तो उचलला आणि मॅडम उभ्या राहत त्या जागेकडे बघितलं.

मयुरेश सरांनी आपला तुकडा काढायला बोटं घातली. "निघत नाहीये, सर."

"राहू द्या." प्रफुल्ल सर मुलांकडे वळले. तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "या आमच्या सरोजिनी मॅडम."

मयुरेश सर रिकाम्या हातांनी, पण अदबीने उभे राहिले.

मित्रांनो, मला खुशाल हाताळा. उघडा, पुसा, भाग जागच्या जागी लावा. तो एक तुकडा मात्र ओढू नका. कुणाचा, ते विचारा, आणि लवकर विचारा. दर वर्षी सांगेल असा इथे आता एकच माणूस आहे, आणि त्याच्या हातातून वस्तू निसटतात.