पाठमोरा रोवणा

मित्रांनो, आसगावच्या बालवाडीत वरच्या फळीवर, तेलाच्या रिकाम्या डब्यामागे एक टिमकी पालथी पडलेली आहे. काठाचा एक टवका उडालेला. ती मी. माझ्यावर धूळ आहे, म्हणून आवाज नसेल असं समजू नका.

माझं अंग पवनीच्या मातीचं. ते भट्टीत भाजल्यावर आसगावच्या गोमाजींनी माझ्या तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं. कातड्याचा एक स्वभाव असतो. हवेतलं पाणी ते शोषून घेतं आणि सैल पडतं, मग आवाज बसतो. ऊब दिली की पाणी निघून जातं, कातडं ताणलं जातं आणि आवाज पुन्हा उंच होतो. म्हणून गोमाजी वाजवण्याआधी मला तणसाच्या जाळावर धरत.

त्यांची दंडार होती, म्हणजे सोंगं घेऊन नाचगाणी करणारी गड्यांची मंडळी. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरे आणि आम्ही तिथे जात असू. एखाद्या गड्याचं पाऊल चुकलं, तर गोमाजी वाजवता वाजवताच हातातली काडी त्याला फेकून मारत. मलाही वाटे, बरोबर आहे, पाऊल म्हणजे पाऊल.

पुढे दंडारीतले गडी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला गेले आणि गोमाजींचे गुडघे थकले. एक दिवस त्यांनी मला बालवाडीच्या सुलोचनाबाईंच्या हाती दिलं. ही गोष्ट १९७६ ची.

"हिले निस्ती ठेवू नका, बाई," ते म्हणाले. "निस्ती ठेवली का रुसते."

सुलोचनाबाई साकोलीच्या. त्या मला कमरेला बांधत, चुलीजवळ थोडी ऊब देत आणि अंगणात येत. त्या मुलांना पावलं शिकवत नसत. मला हे फार विचित्र वाटलं. त्या हळूहळू वाजवत आणि विचारत, "एवढं हळू कोण चालतं?"

"गाभण म्हैस."

"आमचा आबा. जेवल्यावर."

मग अर्धी मुलं म्हशी होत आणि अर्धी आबा. बाई जलद वाजवू लागल्या की कोणी मांजर होई, कोणी पाटातलं पाणी. एकाची म्हैस दुसऱ्यासारखी नसे. आणि मी थांबले की ज्यानं त्यानं असेल तसंच राहायचं. कोणाचा पाय हवेत, कोणाची मान वाकडी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं गप्प राहणं हेही काम आहे.

सगळ्यांत आधी उठे ती सत्यवती. पाच वर्षांची, डावखुरी. तिची आजी आनंदाबाई हिचा गावात मोठा मान होता. तिची कंबर धरू लागण्याआधी धानाच्या रोवण्यात तिच्या पुढे कोणी जात नसे, असं बाया सांगत. एका सकाळी ती नातीला सोडायला आली, तेव्हा मुलं बगळे झाली होती. ती दारातच थांबली.

"बाई, पोरीले शिकवाले धाडलं होतं. तुमी तं नाचवून राहिल्या."

"मी नाचवत नाही, आजी. मुलं आपापली हलतात. मी नुसती वाजवते."

"हलाले बालवाडी कायले लागते? घरी काय आमी खुंट्याले बांधलं हाय तिले?" ती म्हणाली. "आमच्या दंडारीत बाईचं सोंगही गडीच घेते. पोरीची जात अशी चारचौघांत नाचत नाही."

आनंदाबाईनं पदर सावरला.

"सव्वीस जानेवारीले मी पाहीन. मले पटलं नाही, तं सत्यवती दुसऱ्या दिवसापासून घरी."

सत्यवती गेली तर तिच्या गल्लीतल्या पोरीही जाणार, हे बाईंना ठाऊक होतं. सरपंच लक्ष्मणराव म्हणाले, "एखादं गाणं बसवा. रांगेत उभं करा. पाहुण्यांकडे तोंड करून हसायला सांगा, काम होते." बाईंनी मुलांनाच विचारलं, काय करायचं? शेतातला धान कधीच कापून झाला होता, तरी मुलं म्हणाली, रोवणा.

मित्रांनो, रोवणा म्हणजे धानाची रोपं चिखलात लावणं. रोपांना इथे पऱ्हे म्हणतात. लावणाऱ्या बाया बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, वाकून मागे मागे सरतात. पुढे गेल्या तर लावलेले पऱ्हे पायाखाली येतील. मुलांनी हे आयांच्या मागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून पाहिलं होतं. रोज ती झेंड्याच्या खांबापाशी ओळ धरत आणि मागे सरत सरत कडुनिंबापर्यंत येत.

सव्वीस जानेवारीला धुकं होतं. मुलांची वेणीफणी करण्याच्या गडबडीत बाई मला ऊब द्यायला विसरल्या. माझा आवाज बसला होता, भिजल्या गोणीवर मारल्यासारखा. आणि दुसरी चूक माझ्यादेखत घडली. पुढे ऊन चढेल म्हणून पाहुण्यांच्या खुर्च्या कडुनिंबाखाली मांडल्या गेल्या.

मुलांनी नेहमीप्रमाणे खांबापाशी ओळ धरली. बाईंनी वाजवलं. मुलं वाकली, आणि पंचायत समितीच्या साहेबांसमोर सगळ्यांच्या पाठी आल्या. त्या पाठी मागे मागे, खुर्च्यांकडे येऊ लागल्या.

कोणीतरी हसलं. लक्ष्मणरावांनी हात गोल फिरवून बाईंना खूण केली, फिरवा त्यांना. बाईंच्या काड्या अडखळल्या. त्या थांबल्या असत्या तर मुलंही थांबली असती आणि त्यांना वळवता आलं असतं. पण त्यांची नजर बायांच्या बाजूला गेली. तिथलं बोलणं बंद झालं होतं. बाईंनी वाजवणं सोडलं नाही.

सत्यवती सगळ्यांच्या पुढे होती, म्हणजे सगळ्यांत मागे. नसलेल्या पऱ्ह्यांची मूठ तिनं उजव्या हातात धरली होती, लावत होती डाव्यानं. मधेच ती ताठ झाली, डाव्या हाताची पालथी मूठ कमरेत दाबली, ओठ आवळले आणि पुन्हा वाकली.

"अव माय," एक बाई हळूच म्हणाली, "हे तं आनंदाबाई."

आनंदाबाई पुढे वाकून पाहत होती. तिची स्वतःची डावी मूठ कमरेत होती. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं ती काढली आणि पदराखाली घेतली.

तेवढ्यात सत्यवतीची टाच साहेबांच्या बुटाला लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. शेताचा धुरा चाचपावा तसा टाचेनं तो बूट चाचपला आणि थांबली. बाईंनी काड्या उचलल्या. मी गप्प झाले. मुलं होती तशीच वाकून राहिली.

"साहेब," आनंदाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पाय वर घ्या. पोरीची बांधी संपाची हाय अजून."

साहेबांनी खरोखरच पाय खुर्चीवर घेतले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंनी पुन्हा वाजवलं आणि रोवणा खुर्च्यांमधून वाट काढत कडुनिंबाच्या पलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आनंदाबाई स्वतः आली.

"बाई, पोरगी मुठी फार लांब लांब लावते," ती म्हणाली. "तेवढं सांगा तिले."

"तुम्हीच सांगा, आजी. बसा."

ती बसली. त्यानंतर अधूनमधून येऊन बसतच राहिली.

पुढे सुलोचनाबाईंची बदली झाली. मग बालवाडीत टेपरेकॉर्डर आला. आता मुलं रांगेत उभी राहतात, पाहुण्यांकडे तोंड करून हसतात आणि सगळ्यांचा हात एकाच वेळी वर जातो. ते वाईट दिसत नाही. टेपरेकॉर्डरवर माझा राग नाही. फक्त त्याला मध्येच थांबून मुलांकडे बघता येत नाही. तो आणला त्या दिवशी त्याच्या खोक्याचा धक्का लागून माझा टवका उडाला. कातडं मात्र शाबूत आहे.

तेव्हा मित्रांनो, कधी मला खाली काढलंत तर आधी थोडी ऊब द्या. वाजवताना मधेच थांबा, आणि त्या शांततेत मुलं काय झाली आहेत ते पाहा. त्यांतल्या एखादीची पाठ तुमच्याकडे आली, तर तिला लगेच फिरवू नका. धुरा कुठे आहे, ते तिच्या टाचेला कळतं.