तिसऱ्या टप्प्यावरचा देव

भावना आरंभशूर आहे, ही बातमी गावभर केली ती मेघालीनं. विणकाम अर्ध्यावर सोडलेलं, स्कूटर शिकणं अर्ध्यावर, आणि उपास तर दुपारच्या चहाबरोबर मिसळपाव खाऊन आटोपलेले. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या एका गोदामात दोघी शेजारच्या टेबलांवर बिलं करत. मेघालीला वेड होतं जिओकॅशिंगचं. कुणीतरी रानात डबी लपवायची, जागेचे आकडे वेबसाइटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल हातात घेऊन ती हुडकत हिंडायचं, असा हा रिकामटेकडा खेळ. मेघालीनं तर चार टप्प्यांचा रचला होता. एकेका डबीत पुढच्या जागेचे आकडे आणि शेवटचा डबा थेट दिघाशीच्या डोंगरमाथ्यावर.

"तू चल, मी मागून येते. वाट मात्र तू शोधायचीस," असं ती दर शनिवारी म्हणायची.

"पुढच्या रविवारी नक्की," असं भावना दर शनिवारी म्हणायची.

गेल्या थंडीत मेघालीला कावीळ झाली आणि ती गेली. पुढचा रविवार तसाच राहिला.

आता वेबसाइटवर तक्रारी येत होत्या की तिसरी डबी मिळत नाही. मालकीणबाई उत्तर देत नाहीत, असंही कुणी लिहिलं होतं. देणार कुठून? या रविवारी संध्याकाळपर्यंत डबी सापडल्याचं कुणी कळवलं नाही तर खेळ कायमचा बंद, असा निरोप वेबसाइटवाल्यांनी लावला. मेघालीचं मागं राहिलं होतं काय? आईच्या भिंतीवरचा एक फोटो आणि हा खेळ. तोही कुणीतरी बोटानं पुसणार, हे भावनाला सहन होईना.

रविवारी सकाळी ती बूट बांधत असताना नवरा, मनोज, म्हणाला, "दुपारी जेवायला येशीलच ना?" म्हणजे वाटेतल्या अंबाडी गावाहूनच परत फिरशील ना, असा त्याचा अर्थ. भावनाला इतका राग आला की ओट्यावरचा जेवणाचा डबासुद्धा तिनं घेतला नाही. रागानं पोट भरत नाही, पण पाय भराभर उचलतात.

पहिली डबी भिवंडीतच, तलावाकाठच्या बागेत बाकाखाली लोहचुंबकानं चिकटलेली होती. दुसरीनं मात्र घाम काढला. अंबाडीच्या पुढं वनखात्यानं लावलेल्या सागात मोबाइलची खूण कधी या झाडाशी, कधी त्या झाडाशी. साग सगळे एका वळणाचे. त्यात खाजकुयली लागली आणि दोन्ही हात पेटले. इथं कुठलाही शहाणा माणूस परतला असता. भावना रडकुंडीला आली, एका वठलेल्या खोडावर बसली आणि मग तिला दिसलं की त्याच खोडाच्या ढोलीत पाचोळा जरा जास्तच नीट भरलेला आहे. मेघालीचं टेबल असंच असायचं.

तिसऱ्या टप्प्याची जागा होती डोंगराच्या खिंडीत. "मोठ्या दगडाच्या तळाशी," एवढंच लिहिलेलं. दुपार कलली तेव्हा ती तिथं पोचली आणि जागच्या जागी थांबली. मोठा दगड होता. पण त्याला शेंदूर फासलेला होता, गळ्यात झेंडूची माळ होती, वर पत्र्याचं छप्पर आणि छपराला घंटासुद्धा. समोर एक म्हातारी खराट्यानं झाडत होती.

भावना तळाशी हात घालायला वाकली.

"दगडाला हात नको लावू, बाय!" म्हातारी ओरडली. "देव हाय तो. पायातला काढ आधी."

"आजी, हा देव कधी झाला?"

"व्हायचं काय? हायच." म्हातारी, तिचं नाव गुणाबाई, खराट्यावर रेलली. "आमाला ठावं नव्हता, एवढंच. कुठून कुठून माणसं यायची, ठाण्याची, पुण्याची. दगडापुढं गुडघं टेकायची, खाली हात घालायची, हसत हसत जायची. शिकलेली माणसं उगाच येतील काय? मग आमी शेंदूर लावला."

भावनाला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरले. बूट काढून ती म्हातारीशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. डबी, खेळ, मैत्रीण, कावीळ. ते ऐकून म्हातारी देव मोडल्यासारखी रागावेल, असं तिला वाटलं होतं.

गुणाबाई उठली. छपराच्या आढ्यातून तिनं फडक्यात बांधलेली डबी काढली. "देवाच्या पायाखालचा डबा म्हणून जपला. हिरव्या टोपीची पोर यायची ना, दगड पुसायची, पाला काढायची? तिचाच म्हण."

"तिचाच."

"मग येईल त्याला मी देत जाईन. पण पायातला काढायचा. नमस्कार करायचा. कबूल हाय?"

भावनानं कबूल केलं. आकडे टिपले आणि वर निघाली. चढ उभा होता, पोटात कावळे ओरडत होते, गुडघे बोलत होते. अर्ध्यावर ती थांबली. इथवर तर ती नेहमीच यायची, कुठल्याही गोष्टीत. "मागून ये गं," ती मोठ्यानं म्हणाली आणि हात टेकत चढली. माथ्यावर करवंदीच्या जाळीत शेवटचा डबा होता. ऊन उतरायच्या आत तिनं कळवलं: सगळे टप्पे जागेवर आहेत. तिसऱ्याला बूट काढा आणि गुणाबाईंना विचारा.

भावना उतरून खिंडीत आली तेव्हा म्हातारी वाटच बघत होती.

"एक सांग, बाय. नवस बोलायचा तर देवाला नाव लागतं. तिचं नाव काय होतं?"

"मेघाली."

"मेघाय," गुणाबाईनं जिभेवर घोळवून पाहिलं. "चांगलं हाय. मेघाय."

भावनानं बूट काढले, दगडापुढं गुडघे टेकले आणि शेंदराला कपाळ लावलं.

"आले गं," ती म्हणाली. "रविवारीच आले."