आपलं काही खरं नही भो

भटूचं तिसरं स्थळ मोडलं त्या दिवशी तो लूमशेजारी उभा राहिला, कोंबडी हुसकावल्यासारखा उजवा हात झटकला आणि ओरडून म्हणाला, "आपलं काही खरं नही भो!"

डोळ्यांत पाणी होतं. आम्ही हसलो. माणसाने रडताना इतकं मजेशीर दिसू नये.

लूमच्या कारखान्यात खडखडाटापुढे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, बोलणं सगळं हातांनी. त्यामुळे भटूचं दुःख हातोहात पसरलं. धागा तुटला की शेजारच्या लूमवरचा धुडकू हात झटकायचा. दिवसपाळीचं रातपाळीने उचललं, रातपाळीने घरी नेलं. मग आमच्या शेजारची कलाबाई वांग्यांचा भाव ऐकून हात झटकू लागली. शेठ गुजराती, तोही ताग्याला डाग दिसला की म्हणे, "कंई खरुं नथी, भो!" एका बारशाला मी विचारलं, "बाळ कसंय?" आत्या म्हणाली, "काही खरं नही भो." बाळ चांगलं गुटगुटीत होतं.

पंचाईत भटूची. पोटात कळ आली म्हणून तो मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, "आपलं काही खरं नही." मुकादमाने टाळी मागितली. दुःख सांगायला बिचाऱ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

अशात जवळच्याच कडोदऱ्याचं स्थळ आलं. मुलगी प्रभावती, बाप नागनाथ. भटूची तिशी उलटलेली, कपाळ मागे सरकत चाललेलं. धुळ्याच्या मामाने निरोप धाडला होता, "हे शेवटचं. यापुढे मी शोधणार नाही."

आमच्याकडे मुलीचा बाप आधी घरात येत नाही, गल्लीत चौकशी करतो. आणि आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत काय उत्तर मिळणार, हे कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

भटू दारोदार फिरला.

"कलाबाई, पाया पडतो. मुलगा कसा विचारलं, तर एवढंच म्हणा, सोन्यासारखा."

"म्हणीन ना. पण हाताचं काय करू?"

"पदराखाली दाबून ठेवा!"

रविवारी नागनाथबापू आले. गल्लीने शर्थ केली. कलाबाई म्हणाली, "सोन्यासारखा." पानवाला म्हणाला, "सोन्यासारखा." धुडकू दोन्ही हातांवर बसला होता, घामाने निथळत तोही म्हणाला, "सोन्यासारखा." एवढं सोनं ऐकून बापू खूश झाले. घरात आले, पोहे खाल्ले, पाणी प्यायले.

"तसं सगळं पसंत आहे," ते भटूला म्हणाले. "एकच विचारतो. नोकरी पक्की ना?"

भटूने तोंड घट्ट मिटलं. मी शेजारीच होतो, शपथेवर सांगतो, चकार शब्द बाहेर पडला नाही. पण उजवा हात आपोआप वर गेला आणि झटकला गेला. भटूने तो डाव्या हाताने धरला, मांडीखाली कोंबला. उशीर झाला होता. दारातून डोकावणारी अख्खी गल्ली सवयीने एका सुरात ओरडली, "काही खरं नही भो!"

नागनाथबापूंनी टोपी घातली. दोन बोटं कपाळाला लावली आणि म्हणाले, "कळवतो."

भटू रोज पाळी सुटली की कडोदऱ्याहून बस येते त्या थांब्यावर जाऊन उभा राही. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघे. शेवटी एका उतारूनेच सांगितलं, प्रभावतीचं बारडोलीच्या मुलाशी ठरलं, सुपारीही फुटली.

दुसऱ्या दिवशी भटू कामावर आला. लूमशेजारी उभा राहिला. हात झटकला. ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं, चला, कळलं एकदाचं सगळ्यांना. धुडकू कळवळून त्याच्याजवळ गेला आणि कानाशी तोंड नेऊन मलाही ऐकू येईल असा ओरडला, "भटू, जुनं झालं रे ते! आता कोण म्हणतं? आता हे चालू आहे." त्याने दोन बोटं कपाळाला लावली. "कळवतो!"

समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी कपाळाला बोटं लावली.

भटूचा हात तसाच वर राहिला. त्याच्या लूमवर धागा तुटला होता. मी जाऊन लूम बंद केला, तरी त्याने हात खाली घेतला नाही.